डोळ्यांनी मोजलेला धूर

एक कोरा पांढरा कागद घ्या. त्यावर उभ्या-आडव्या काळ्या रेघा मारा. प्रत्येक रेघ बरोबर एक मिलिमीटर जाड हवी, आणि दोन रेघांमध्ये नऊ मिलिमीटरचे पांढरे चौकोन उरले पाहिजेत. हा कागद भिंतीला टांगून पंधराएक मीटर मागे सरा. रेघा दिसेनाशा होतात, चौकोन विरतात आणि सगळा कागद फिकट राखाडी भासू लागतो. दुसऱ्या कागदावर रेघ 2.3 मिलिमीटरची, चौकोन 7.7 चा. तिसऱ्यावर 3.7 आणि 6.3, चौथ्यावर 5.5 आणि 4.5. पाचवा कागद नखशिखांत काळा, आणि या सगळ्यांच्या आधी शून्य क्रमांकाचा, कोराच.

आकडे विक्षिप्त वाटतात, पण त्यांमागचं गणित शाळेतलंच आहे. साडेचार गुणिले साडेचार म्हणजे 20.25. म्हणजे चौथ्या कागदावर शंभरातले वीस भाग पांढरे आणि ऐंशी काळे. तिसऱ्यावर साठ काळे, दुसऱ्यावर चाळीस. पहिल्यावर वीस म्हणायचे, पण नऊ नवे एक्क्याऐंशी, तेव्हा खरे एकोणीसच. लांबून बघणाऱ्याला हा एका टक्क्याचा फरक काय कळणार? यातली खरी हुशारी वेगळी आहे. राखाडी शाईनं छटा छापल्या असत्या तर प्रत्येक छापखान्याचा राखाडी निराळा झाला असता आणि उन्हानं फिकाही पडला असता. काळ्या रेघेची जाडी मात्र जगात कुठेही पट्टी लावून तपासता येते.

हा तक्ता ज्याच्या नावानं ओळखला जातो तो मॅक्सिमिलियाँ रिंगेलमन (1861–1931) पॅरिसमध्ये शेती-अभियांत्रिकीचा प्राध्यापक होता. तक्ता 1888 च्या सुमाराचा. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शेतीच्या यंत्रांची चाचणी घेणारं एक केंद्र उघडलं आणि त्याची सूत्रं रिंगेलमनकडे आली. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव भलत्याच कारणानं माहीत असतं. यानं माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. एकट्या माणसाचा जोर शंभर धरला, तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकाचा 93 वर येतो, तिघांत 85 वर, आणि आठ जण लागले की 49 वर. जत्रेत रथ ओढणाऱ्यांना हे सांगायला फ्रेंच प्राध्यापक लागत नाही. पण आकड्यांत मांडलं ते यानं. दोराचा ताण मोजायला त्याच्याकडे यंत्र होतं. धुराला असं काही यंत्र लावता येत नव्हतं, म्हणून त्यानं माणसाच्या डोळ्यालाच हाताशी धरलं.

पण धूर मोजायचा कशासाठी? न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर पाहून तिथे अग्नी असल्याचं अनुमान काढतात. बॉयलरच्या अभियंत्याचं अनुमान याच्या पुढचं असतं. धूर दिसतोय, म्हणजे अग्नी आहे खरा, पण नीट पेटलेला नाही. चुलीपुढे बसलेल्या बाईला हे ठाऊकच असतं. ओलं लाकूड घातलं की डोळे चुरचुरतात. फुंकणीनं दोन फुंकरी घातल्या की भडका होतो आणि धूर पळतो. दगडी कोळशाचंही तसंच आहे. भट्टीत ताजा कोळसा टाकला की आधी त्यातले वायू सुटतात. त्यांना वेळेवर पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर ते जळतात, नाही तर त्यांची काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडते. फायरमननं एकदम मोठमोठी फावडी मारली की धुराडं काळं ओकतं. थोडा-थोडा कोळसा पसरून टाकला तर बराच निवळतं.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभियंत्यांमध्ये धुराचा प्रश्न मांडला जात होता तो मुख्यतः फुप्फुसांचा म्हणून नव्हे, कोळशाच्या बिलाचा म्हणून. यातही एक गंमत आहे. काजळीवाटे वाया जाणारी उष्णता फार थोडी असते. खरं नुकसान होतं ते न जळता निसटणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूंमुळे आणि भट्टीत गरजेपेक्षा जास्त घुसलेल्या हवेमुळे. धूर घालवायच्या नादात फायरमननं दारं सताड उघडी ठेवली तर धुराडं स्वच्छ दिसतं आणि कोळसा उलट जास्त लागतो. जाणत्या अभियंत्यांना हे पक्कं माहीत होतं. तरीही तक्ता चालला, कारण धूर दिसत होता आणि बाकीचं दिसत नव्हतं.

अमेरिकेत तक्ता पोचला तो विल्यम केंट या तिथल्या अभियंत्यामुळे. ‘इंजिनिअरिंग न्यूज’ या नियतकालिकाच्या 11 नोव्हेंबर 1897 च्या अंकात त्यानं तो छापला आणि आपल्याला तो लंडनच्या ब्रायन डॉन्किन यांच्या खाजगी पत्रातून कळल्याचं प्रामाणिकपणे नोंदवलं. एका पत्रातून आलेली गोष्ट दोनच वर्षांत, 1899 मध्ये, अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनं बॉयलर-चाचणीच्या संहितेत दाखल करून घेतली. 1904 मध्ये सेंट लुईसला सरकारी भूगर्भ खात्याच्या इंधन-चाचणी केंद्रात बिनधुराच्या ज्वलनाचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा तिथल्या अभियंत्यांनीही हाच तक्ता टांगला. पद्धत सोपी होती. तक्ता नजरेच्या उंचीवर, धुराड्याच्या रेषेत लावायचा. एकदा धुराकडे पाहायचं, एकदा तक्त्याकडे, आणि जुळेल तो क्रमांक दर पाव किंवा अर्ध्या मिनिटाला वहीत लिहायचा. शेवटी बेरीज करून सरासरी काढायची.

अभियंत्याच्या वहीतून हा क्रमांक वकिलाच्या हातात गेला आणि खरी गोष्ट तिथून सुरू झाली.

इंग्लंडच्या 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात उपद्रव ठरत होता तो ‘काळा’ धूर, आणि तोही राहत्या घरांची धुराडी सोडून. या एका विशेषणावर वकिलांनी कित्येक गिरण्या सोडवल्या. धूर होता, दाट होता, शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे खराब झाले होते, सगळं कबूल. पण महाराज, तो काळा नव्हता, तपकिरी होता. कोर्टात रंगाचा वाद सुटायचा कसा? दोन माणसांनी एकच धूर पाहिलेला असतो आणि दोघांचे शब्द निराळे असतात. क्रमांक आला की निदान भांडण तरी नेमकं होतं. 1910 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं बॉस्टनसाठी धुराचा कायदा केला आणि त्यात रिंगेलमनच्या तक्त्याला मान्यता दिली. शेतीच्या प्राध्यापकाच्या रेघांना आता दंडाचं बळ मिळालं.

आपल्याकडे याच सुमाराला दोन शहरं धुरानं गांजली होती. कलकत्त्यात 1863 पासूनच धुराविरुद्ध कायदा होता. लीड्सहून फ्रेडरिक ग्रोव्हर या जाणकाराला बोलावून चौकशी झाली आणि 1905 मध्ये बंगालचा धूर-उपद्रव कायदा आला. निरीक्षक नेमले गेले, त्यांच्यावर एक आयोग बसला. मुंबईनं 1912 मध्ये असाच कायदा केला. तेव्हा मुंबईत ऐंशीहून अधिक कापड गिरण्या होत्या आणि त्यांतल्या कित्येकींच्या चिमण्या लालबाग-परळच्या आकाशात उभ्या होत्या. मुंबईतला हा धूर कमी करण्यात कायद्यापेक्षा मोठा वाटा सह्याद्रीतल्या पावसाचा असावा, असं मला वाटतं. टाटांच्या जलविद्युत कंपनीची वीज 1915 मध्ये खोपोलीहून परळला पोचली आणि गिरण्या एकामागून एक विजेवर जाऊ लागल्या. खळ लावायला आणि रंगाईला वाफ लागतेच, त्यामुळे बॉयलर पुरते विझले नाहीत. पण मागांचा आणि चात्यांचा भार त्यांच्यावरून उतरला. त्याची किंमत दुसऱ्या कुणी तरी मोजलीच. पुढच्या धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायला निघाले, तेव्हा 1921 मध्ये सेनापती बापट सत्याग्रहाला उभे राहिले. धुराच्या इतिहासात हे प्रकरण सहसा कुणी लिहीत नाही.

लंडनला शहाणपण यायला डिसेंबर 1952 उजाडावा लागला. 5 ते 9 तारखेदरम्यान धुक्यात मिसळलेल्या कोळशाच्या धुरानं शहर कोंडलं. तेव्हाच्या हिशेबानं सुमारे 4,000 माणसं दगावली. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा 12,000 पर्यंत नेला. 1956 चा स्वच्छ हवा कायदा त्यातून आला. ‘काळा की तपकिरी’ हा वाद तिथे एकदाचा मिटला, कारण कायद्यानंच व्याख्या केली: रिंगेलमनच्या दुसऱ्या क्रमांकाइतका किंवा त्याहून गडद तो ‘गडद धूर’.

याच दुसऱ्या क्रमांकावर कॅलिफोर्नियाही 1947 मध्ये येऊन ठेपला होता. कुठल्याही तासात मिळून तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ दुसऱ्या क्रमांकाचा धूर सोडला की गुन्हा. पण लॉस एंजेलिसचा धूर लंडनसारखा काळा नव्हता. तिथे पोलादाच्या भट्ट्यांतून पिवळट वाफारे निघत, तेलशुद्धीकरणातून पांढरे. काळ्या रेघांचा तक्ता पांढऱ्या धुरापुढे धरून काय करणार? कायदा लिहिणाऱ्यांनी तोड काढली. धुराचा रंग सोडून द्यायचा आणि तो मागचं दृश्य किती झाकतो ते पाहायचं. दुसऱ्या क्रमांकाचा काळा धूर जितकं झाकतो तितकंच इतर कुठल्या रंगाचा धूर झाकत असेल तर तोही तितकाच दोषी. धुराच्या काळेपणाऐवजी त्याची अपारदर्शकता मोजायची, ही कल्पना इथे रुजली. आता तक्ता हातात धरण्याचीही गरज उरली नाही. तो निरीक्षकाच्या डोक्यात बसवायचा होता. त्यासाठी धूर ओळखायला शिकवणाऱ्या शाळाच सुरू झाल्या. (लॉस एंजेलिसला ज्या धुरक्यानं पछाडलं होतं ते बरंचसं मोटारींच्या आणि तेल-कारखान्यांच्या अदृश्य वायूंवर ऊन पडून तयार होत होतं, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. धुराड्याकडे टक लावून बसलेल्या निरीक्षकाला ते कधीच दिसलं नसतं.)

कारखानदारांच्या वकिलांनी मग धूर सोडला आणि डोळा धरला. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. तक्ता उजेड परावर्तित करतो, धूर उजेड अडवतो आणि विखुरतो. दोन्ही एकाच मापानं कसे मोजणार? सूर्य धुराच्या मागे असला तर पांढरा धूर झगझगीत, दाट भासतो. तोच पाठीशी असला तर साधारण दिसतो. निळ्या आभाळावर पांढरा धूर उठून दिसतो, ढगाळ आभाळावर हरवतो. धुराड्याच्या व्यासाचीही भानगड आहे. एक मीटर जाडीच्या धुरातून शंभरपैकी 80 भाग उजेड पार होत असेल, तर तोच धूर दोन मीटर जाडीचा झाला की 80 च्या 80 टक्के, म्हणजे 64 च भाग पार होतात. धुराची दाटी तेवढीच, पण रुंद धुराड्याचा मालक जास्त गुन्हेगार ठरतो. आणि वाफ? धुराड्यातून निघणारा पांढराशुभ्र लोट निव्वळ पाण्याचाही असू शकतो. नवख्याला वाफ आणि धूर यांतला फरक कळत नाही. वाफ काही अंतरावर एकदम विरून जाते, धूर लांबवर रेंगाळतो.

यातलं एक भांडण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 4 जून 1969 रोजी कोलोरॅडो राज्याच्या आरोग्य खात्याचा एक निरीक्षक एका कारखान्याच्या आवारात शिरला. तिथे काय बनत असे? लसूणघास वाळवली जाई, गुरांच्या खाद्यासाठी. दिवसाउजेडी, मोकळ्या अंगणात उभं राहून त्यानं धुराड्यांचा धूर रिंगेलमनच्या मापानं वाचला आणि निघून गेला. मालकाला विचारलं नाही, वॉरंट आणलं नाही, आल्याचं सांगितलंही नाही. पुढे कारवाई झाली तेव्हा कंपनीनं राज्यघटना पुढे केली: परवानगीवाचून झालेली ही झडती आहे. राज्याच्या अपील न्यायालयाला ते पटलं. सर्वोच्च न्यायालयानं 1974 मध्ये एकमतानं फिरवलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती डग्लस यांचा युक्तिवाद मला फार आवडतो. निरीक्षक इमारतीत गेला नाही, कागद चाळले नाहीत. त्यानं पाहिलं ते शहरात कारखान्याजवळ असलेल्या कुणालाही आभाळात दिसत होतं. आभाळाची झडती ती कसली? मालकाच्या जमिनीवर उभं राहिल्यानं त्यात फरक पडत नाही.

पाहण्याचा हक्क असा मान्य झाला. पाहिलेलं खरं मानायचं का, हा प्रश्न त्याच काळात दुसऱ्या न्यायालयात गाजत होता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं 1971 मध्ये नव्या कारखान्यांसाठी मर्यादा घातल्या आणि अपारदर्शकता डोळ्यांनी मोजायची पद्धत त्यांत समाविष्ट केली. तिला नाव मिळालं ‘पद्धत क्रमांक 9’. सिमेंट कारखानदारांच्या संघटनेनं वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात आव्हान दिलं. 1973 मध्ये न्यायालयानं सांगितलं, की या मापनावर कितपत विसंबता येतं याचा संस्थेनं फेरविचार करावा. सरकारचा पराभव म्हणून हा निकाल वाचता येतो. मला वाटतं, रिंगेलमननंतरची सगळ्यात महत्त्वाची घटना हीच. तोवर पाऊणशे वर्षं वाद तक्त्यावर झाला होता, धुरावर झाला होता. पाहणाऱ्या माणसाची चूक किती, हे कुणी नीट मोजलंच नव्हतं.

आता ते मोजावं लागलं. यंत्रानं आतला उजेड मोजत राहायचं, बाहेर प्रशिक्षित माणसांनी धूर वाचायचा आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे. धूरनिर्मिती यंत्रावर काळ्या धुराची 133 सत्रं झाली, पांढऱ्या धुराची 170. कोळशावरच्या वीज केंद्रावर 168, गंधकाम्लाच्या कारखान्यावर 298. एका सत्रात 25 निरीक्षणांची सरासरी. काळ्या धुराच्या शंभर टक्के सत्रांत माणसानं खऱ्यापेक्षा जास्त वाचण्याची चूक साडेसात टक्क्यांच्या आत राहिली. पांढऱ्याच्या 99 टक्के सत्रांत. इथे ‘जास्त वाचण्याची’ हे शब्द महत्त्वाचे. कमी वाचलं तर कारखाना सुटतो. जास्त वाचलं तर निरपराध्याला दंड होतो. संस्थेला काळजी होती ती या दुसऱ्या चुकीची. आभाळ आणि धूर सारख्याच रंगाचे असले की माणूस कमी वाचतो, म्हणजे चूक मालकाच्या पथ्यावर पडते, हेही दिसून आलं.

सुधारलेली पद्धत नोव्हेंबर 1974 मध्ये जाहीर झाली. तिच्यात रिंगेलमनचा तक्ता नाही. सूर्य निरीक्षकाच्या पाठीमागच्या 140 अंशांच्या पट्ट्यात हवा. धुराकडे एकसारखं बघत राहायचं नाही. दर 15 सेकंदांनी क्षणभर पाहायचं आणि पाचाच्या पटीत टक्का लिहायचा. लोटाचा सगळ्यात दाट भाग पाहायचा, पण वाफ असेल तिथला नाही. अशा 24 नोंदी, म्हणजे सहा मिनिटं, आणि त्यांची सरासरी. एका नजरेवर कुणाला फाशी नाही.

आणि परीक्षा. मोकळ्या मैदानात एका गाड्यावर बसवलेलं धुराडं असतं. काळ्या धुरासाठी टोल्युइनसारखं इंधन मुद्दाम अर्धवट जाळतात. पांढऱ्यासाठी तापलेल्या पृष्ठभागावर तेल सोडून त्याची वाफ करतात. धुराड्यातला प्रकाशमापक खरा आकडा टिपतो आणि तो फक्त परीक्षकाला दिसतो. ऊन पाठीवर घेऊन परीक्षार्थी हातात कागद धरून थांबतात. धूर स्थिरावला की इशारा होतो, सगळे वर बघतात, आकडा लिहितात. 25 लोट काळे, 25 पांढरे. एकाही लोटाला आकडा 15 टक्क्यांपेक्षा जास्त चुकला, किंवा दोन्हींपैकी एका रंगात सरासरी चूक साडेसातच्या वर गेली, तर नापास. 24 लोट अचूक वाचून पंचविसाव्याला घसरलेला माणूसही नापासच.

दरम्यान यंत्रं पुष्कळ आली. मोठ्या धुराड्यांत आता प्रकाशमापक कायमचे बसवलेले असतात. आपल्याकडच्या पीयूसी केंद्रात डिझेल गाडीच्या नळकांड्यात नळी घालतात तीही याच कुळातली. धुरातून उजेड किती पार झाला तेच ती मोजते. डिजिटल कॅमेऱ्यानं अपारदर्शकता वाचायलाही अमेरिकेत परवानगी मिळाली आहे. मात्र कॅमेऱ्यालाही त्याच मैदानात, त्याच धुराड्यापुढे परीक्षा द्यावी लागते.

माणसाच्या प्रमाणपत्राची मुदत सहा महिन्यांची असते. वीस वर्षं धुराडी वाचत आलेला निरीक्षकही सहा महिन्यांनी पुन्हा त्या मैदानात ऊन पाठीवर घेऊन उभा राहतो. तारीख चुकली तर दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच डोळ्यांनी वाचलेला धूर नियमात बसत नाही.